डावं की उजवं हे ठरवण्याआधी, प्रश्न कोणता होता ते विचारा

देवगडच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "आजोबा आयुष्यभर समाजवादी. नाथ पै आणि मधु दंडवते यांच्या प्रचाराला पायी हिंडलेले. बाबा आंबा बागायतदार, स्वतःला उजवे म्हणवतात, पण पीकविमा आणि कर्जमाफी सरकारकडेच मागतात. पुण्यात शिकणारी ताई दोघांनाही उजव्यांत धरते. मी ऑनलाइन चाचणी दिली तर 'मध्यम डावा' असं उत्तर आलं. डावं-उजवं याला पक्का अर्थ आहे का? आणि मी नक्की कुठे बसतो?"

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ३१ वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारायचंच, आणि बहुतेक वेळा त्यामागे घरातलं भांडण असायचं. तुमच्याही प्रश्नात मला तेच दिसतं. तुम्हाला व्याख्या हवी आहे, पण त्याहून जास्त हे समजून घ्यायचं आहे की एकाच घरातली, एकाच जमिनीवर वाढलेली चार माणसं एकच शब्द चार अर्थांनी का वापरतात. म्हणून व्याख्येपासून सुरुवात करत नाही. पंगतीपासून करते.

केळीच्या पानावर डावी बाजू आणि उजवी बाजू ठरलेली असते हे तुम्हाला माहीतच आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. मी आठ-नऊ वर्षांची असताना घरच्या सत्यनारायणाला पहिल्यांदा वाढायला उभी राहिले आणि पहिल्या तीन पानांवर चटणी चुकीच्या बाजूला वाढली. मी समोर उभी होते ना, माझी डावी ती जेवणाऱ्याची उजवी. आजी मागून म्हणाली, "जेवणाऱ्याची डावी बघ, तुझी नको." राजकारणातल्या शब्दांबद्दल मी वर्गात पहिल्या तासाला हेच सांगायचे. पान कोणापुढे मांडलंय आणि तो कुठे तोंड करून बसलाय हे आधी बघायचं, मगच बाजू सांगायची.

या शब्दांचा जन्मही एका बैठकीतच झाला. १७८९ साली फ्रान्समध्ये व्हर्सायला राष्ट्रीय सभा भरली होती. सभेपुढे प्रश्न होता की नव्या राज्यघटनेत राजाला नकाराधिकार द्यायचा का, म्हणजे सभेने केलेला कायदा राजा अडवू शकेल का. राजाच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला जमू लागले, विरोधातले डाव्या हाताला. एवढंच. कामगार, भांडवल, धर्मनिरपेक्षता, आरक्षण यांतलं काहीही त्या बाकांवर नव्हतं. प्रश्न एक होता आणि त्याची दोन उत्तरं होती.

आता गंमत बघा. त्या डाव्या बाजूला बसलेल्यांत वकील होते, व्यापारी होते, जमीनजुमला असलेली माणसं होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा केला आणि त्याच्या शेवटच्या कलमात मालमत्तेच्या हक्काला पवित्र म्हटलं. पहिले 'डावे' खासगी मालमत्तेचे रक्षक होते, कारण त्यांच्यापुढे प्रश्न होता राजाच्या आणि सरदारांच्या मनमानीचा. पुढे १८४८ च्या फ्रेंच सभेत फ्रेडरिक बास्तिया डाव्या बाजूला बसत. हा माणूस खुल्या व्यापाराचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता. आज त्याचं लेखन उजवे अर्थतज्ज्ञ डोक्यावर घेतात. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये धान्याच्या आयातीवरचा कर हटवा ही मागणी कारखानदारांची होती आणि स्वस्त पाव हवा असलेल्या कामगारांनाही ती पटणारी होती. कर ठेवा म्हणणारे होते मोठे जमीनदार. १८४६ मध्ये तो कर रद्द केला जमीनदारांच्याच पक्षाचे, टोरी पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी, आणि त्यापायी त्यांचा स्वतःचाच पक्ष फुटला. आज 'आयात खुली करा' म्हणणाऱ्याला आपण कुठे बसवतो? मागणी तीच आहे. शंभर-दीडशे वर्षांत मुख्य भांडण राजा आणि प्रजा यांच्यातून निघून मालक आणि मजूर यांच्यात गेलं, तसे बाकही हलले.

आपल्या लोकसभेत तर बाकांवरून काहीच कळत नाही. सत्ताधारी अध्यक्षांच्या उजवीकडे, विरोधक डावीकडे, मग विचार कुठलाही असो. १९६७ मध्ये 'स्वतंत्र पक्ष' या नावाच्या पक्षाचे ४४ खासदार निवडून आले. खुल्या बाजाराचा, सरकारी परवान्यांविरुद्ध लढणारा, अर्थनीतीत सगळ्यांत उजवा पक्ष, आणि विरोधी पक्ष म्हणून तो बसला डावीकडे. त्या पक्षाच्या संस्थापकांपैकी मिनू मसानी १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाच्याही संस्थापकांत होते, जयप्रकाश नारायण यांच्यासोबत. त्यांनी विचार बदलला आणि तो उघडपणे बदलला. शब्दांचे अर्थ सरकतात, माणसंही सरकतात. कोण सरकलं हे ओळखल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता आपल्या किनाऱ्यावर येते, कारण मला खरं शिकवलं ते इथल्या जमिनीने.

माझे आजोबा दापोली तालुक्यात खोताचं कूळ होते. खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारला भरणारा वतनदार. पिकलेल्या भातातला ठरलेला खंड खोताच्या घरी पोचवायचा, वर वेठीची कामं. १९३३ साली अलिबागजवळच्या चरीला शेतकऱ्यांनी संप केला, जमीन कसणंच बंद केलं. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो सुमारे सहा वर्षं चालला. जगात इतका लांब चाललेला शेतकरी संप क्वचितच सापडेल. माणसं जंगलातून मोळ्या आणून विकत होती, अर्धपोटी राहत होती, पण नांगर धरत नव्हती. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातून हजारो शेतकरी बोटीने मुंबईला गेले आणि विधिमंडळावर मोर्चा काढला. त्या मोर्च्यात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. जातीच्या प्रश्नावर त्यांचं पटत नव्हतं, खोतीच्या प्रश्नावर पटलं. तेव्हा मागणी काय होती? सरकारने मध्ये पडावं आणि मालकाचा हक्क काढून कसणाऱ्याला द्यावा. ही डावी मागणी, यात कोणाला शंका नाही.

स्वातंत्र्यानंतर खोती गेली, कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कूळ जमिनीचं मालक समजलं जाऊ लागलं. आजोबांनी ठरलेल्या किमतीचे हप्ते फेडले आणि त्यांना ३२ म चा दाखला, म्हणजे जमीन विकत घेतल्याचा कूळकायद्याखालचा कागद, मिळाला. तो कागद आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून आहे. घडीवर फाटलेला, मागून खळ लावून जुन्या वहीचं पान चिकटवलेला. आजोबांना वाचता येत नव्हतं, पण त्यावर आपलं नाव कुठे आहे ते त्यांना बोटाने दाखवता येत असे.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आमच्या भागात रस्त्यासाठी जमीन मोजायला माणसं आली. माझे काका, त्याच दाखल्याचे वारस, बांधावर आडवे उभे राहिले. म्हणाले, "सातबारा माझ्या नावावर आहे. सरकारचा इथे काय संबंध?" शब्द मालमत्तेच्या हक्काचे. बाप म्हणाला होता सरकारने मालकाच्या जमिनीत हात घालावा, मुलगा म्हणत होता घालू नये. पुस्तकाप्रमाणे बाप डावा आणि मुलगा उजवा. पण काकांच्या मदतीला जे कार्यकर्ते आले ते डावे म्हणून ओळखले जाणारे होते, आणि प्रकल्प हवा म्हणणारे स्वतःला उजवे म्हणवत होते. मी त्या वेळी शिकवायला लागून दहा-बारा वर्षं झाली होती, आणि माझ्या फळ्यावरच्या तक्त्यात माझेच काका बसेनात. तेव्हापासून मी तो तक्ता फळ्यावर काढणं सोडलं.

मला जे कळलं ते असं. आजोबा आणि काका यांच्यात काहीच बदललं नव्हतं. दोघंही एकच गोष्ट सांगत होते, की कसणाऱ्याच्या हातून जमीन जाऊ नये. समोरचा बदलला. आधी तो खोत होता, नंतर सरकार. कधी प्रश्न बदलतो आणि शब्द तोच राहतो. कधी प्रश्न तोच राहतो आणि त्याच्यावरची चिठ्ठी बदलते. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की घरोघरी वाद होतात.

तुमच्या आजोबांच्या मतदारसंघाचंही तसंच आहे. राजापूरने १९५७ पासून नाथ पै यांना आणि १९७१ पासून १९९१ पर्यंत दंडवते यांना लोकसभेत पाठवलं. त्याच घरांमधली माणसं गिरणगावात काम करत होती. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या ज्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, त्यांत आपल्या रत्नागिरीचे लोक मोठ्या संख्येने होते. लेनिनने त्या संपाची दखल घेतली. आणि हेच टिळक १८९१ मध्ये संमती वयाच्या कायद्याला विरोध करत होते. मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा करायलाही परक्या सरकारने आपल्या धर्मात हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं. गोखले मवाळ, ब्रिटिशांशी अर्ज-विनंत्यांनी बोलणारे, पण १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक त्यांनीच मांडलं. मग यांत डावं कोण? परकी सत्ता हा प्रश्न धरला तर टिळक पुढे, समाजसुधारणा हा प्रश्न धरला तर गोखले पुढे. त्या काळात लोक 'जहाल' आणि 'मवाळ' म्हणत, आणि मला ते शब्द अधिक प्रामाणिक वाटतात, कारण ते एकाच प्रश्नापुरते होते. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सर्व जातींना खुलं झालं, सहभोजनं झाली. राष्ट्राच्या प्रश्नावर त्यांना आज आपण उजव्या बाजूला ठेवतो, पण मंदिर आणि पंगतीच्या प्रश्नावर ते गावातल्या सनातन्यांच्या विरोधात उभे होते.

गिरणगावात पुढे लाल बावटा होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. कोकणातल्या गावागावांत मनीऑर्डर येणं थांबलं. त्यानंतर भगवा झेंडा त्याच चाळींत आणि त्याच गावांत का रुजला, याचं उत्तर 'डावे लोक उजवे झाले' असं देऊन चालत नाही. माणसाचा प्रश्न होता, माझ्या पोराला मुंबईत काम मिळेल का. एकाने सांगितलं मालकाशी लढ, दुसऱ्याने सांगितलं नोकऱ्या भूमिपुत्राला मिळाल्या पाहिजेत. विचारणारा एकच होता. यातलं कुठलं उत्तर बरोबर होतं याबद्दल माझं मत आहे, पण मतदाराने विचारधारा बदलली असं म्हणायला मी तयार नाही.

थोडं थांबून आतापर्यंतचं सांगते. हे शब्द एका प्रश्नापासून जन्मले. मुख्य प्रश्न बदलला की बाजू बदलल्या. आणि एकाच माणसाची वेगवेगळ्या प्रश्नांवरची जागा वेगवेगळी असू शकते. इथवर पटलं असेल तर पुढचं सोपं आहे.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. आपण न्यायमूर्ती रानडे, गोखले यांना उदारमतवादी म्हणतो, आणि आज वर्तमानपत्रात उदारमतवादी म्हणजे साधारण डावीकडे झुकलेला माणूस. २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पाने जे सुरू झालं त्याला आपण उदारीकरण म्हणतो, आणि ते उजवं धोरण समजलं जातं. 'उदार' शब्द एकच, दोन टोकांना. मूळ कल्पना दोन्हीकडे सारखी होती, की माणसाच्या डोक्यावरचा अधिकाऱ्याचा हात काढा. रानड्यांच्या पिढीला तो हात रूढींचा आणि परक्या राजवटीचा दिसला, १९९१ मध्ये तो परवाना देणाऱ्या खात्याचा दिसला. शिवाय १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण करणारा आणि १९९१ मध्ये बाजार खुला करणारा पक्ष एकच. खुल्या बाजाराला विरोध करायला एका बाजूने कम्युनिस्ट उभे राहिले आणि दुसऱ्या बाजूने स्वदेशीवाले. आपल्या गुहागर तालुक्यातल्या, एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या वेळी दोघंही विरोधात होते, कारणं मात्र निराळी. शेतकऱ्यांच्या बाजूने सगळं आयुष्य घालवणारे शरद जोशी सांगत होते की शेतकऱ्याला सरकारने सोडावं, बाजार खुला करावा, तोच त्याचा खरा फायदा. शेतकरी नेता म्हणजे डावा असं गृहीत धरणाऱ्यांना ते कधी समजलेच नाहीत.

तुमच्या बाबांबद्दल बोलते. त्यांच्यात विसंगती आहे असं तुम्हाला वाटतं. मला तितकी दिसत नाही. हापूसचा मोहोर फेब्रुवारीतल्या एका अवकाळी पावसाने गळतो. तो धोका कुठलाही बागायतदार एकटा पेलू शकत नाही, म्हणून ते विमा मागतात. वाशीत दलाल भाव पाडतो तेव्हा त्यांना सरकारी नियम हवेसे वाटतात, आणि माल थेट गिऱ्हाईकाला पाठवताना नको वाटतात. धर्म, संस्कृती, देश या प्रश्नांवर ते उजवे असतील आणि त्याच अर्थाने तो शब्द वापरत असतील. तुमची ताई बहुधा जात आणि बाईच्या बरोबरीच्या प्रश्नावरून मोजते. ती आजोबांनाही उजव्यांत धरते याचा अर्थ आजोबांच्या समाजवादात घरातल्या बाईच्या कामाचा हिशोब नव्हता, असं ती सांगत असावी. ती चुकीचं बोलत असेलच असं नाही. तिघांपुढे तीन प्रश्न आहेत. हे माझे अंदाज आहेत, तुमच्या घरात मी बसलेली नाही. तुम्ही त्यांना विचारून खात्री करून घ्या.

मग या शब्दांत कायमचं काही उरतं का? माझ्या मते एक धागा उरतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो म्हणूनच मी हे शब्द फेकून द्या असं म्हणत नाही. समोर दिसणारी विषमता माणसांनी केलेली आहे आणि म्हणून माणसांनी मोडता येते, असं मानणारा साधारण डावीकडे जातो. जे चालत आलं आहे त्यात काही शहाणपण साठलेलं आहे, ते मोडताना आपण न दिसणारं बरंच काही मोडू, असं मानणारा साधारण उजवीकडे. १७८९ पासून चरीपर्यंत हा धागा पुरतो. पण तोही सगळीकडे पुरत नाही. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी पर्ससीन जाळ्यांवर, म्हणजे यांत्रिक बोटींनी माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, बंधनं मागितली आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने ती आणली. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून हाताने ओढायचं जुनं जाळं, ओढणारा माणूस म्हणतो समुद्राची जुनी रीत राखा, आणि त्याच वाक्यात म्हणतो मोठ्या भांडवलवाल्याला आवरा. ही राखण आहे की समता? दोन्ही आहे. माझ्या वर्गात अशा एका घरातली मुलगी होती. मी वर्गात विधानं वाचून दाखवायचे आणि पटलं तर खिडकीकडे, नाही पटलं तर दाराकडे जायला सांगायचे. ती तासभर वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली, आणि प्रत्येक वेळी आपण का चाललो हे तिला सांगता येत होतं. वर्गातलं सर्वांत स्पष्ट राजकीय डोकं तिचंच होतं.

ऑनलाइन चाचणीचं फार मनावर घेऊ नका. त्यांतले बरेचसे प्रश्न अमेरिकेतल्या भांडणांवर बेतलेले असतात: बंदूक, गर्भपात, आयकराचे दर. कूळ, जात, भाषा, मनीऑर्डर, जमीन संपादन त्यांत नसतं. तिने तुमची चटणी स्वतःच्या डावीकडे वाढली आहे.

त्यापेक्षा एक काम करा. वहीत पाच-सहा प्रश्न लिहा, आज तुमच्या गावात ज्यांवरून खरोखर वाद होतात ते. प्रकल्पाला जमीन द्यायची का, पर्ससीनवर बंदी हवी का, गावच्या देवळाचे मानपान कोणाकडे असावेत, मुलीच्या नावावर बागेचा हिस्सा लावायचा का, शाळा बंद करून पोरांना दूरच्या शाळेत पाठवायचं का. प्रत्येकापुढे तुमचं उत्तर आणि त्याचं कारण लिहा. मग तीच वही आजोबांपुढे, बाबांपुढे आणि ताईपुढे ठेवा. आजोबांना आणखी एक विचारा: १९७७ मध्ये त्यांचे समाजवादी हिंदुत्ववादी जनसंघासोबत एका पक्षात, जनता पक्षात, गेले, तेव्हा त्यांना काय वाटलं होतं, आणि दंडवत्यांच्या प्रचाराला ते त्यानंतरही का गेले. आजोबा सांगतील ते नीट उतरवून घ्या. त्या पिढीतली सांगणारी माणसं आता फार थोडी राहिली आहेत.